कोलंबोचा पहिला भाग नेमका कोणता?

‘कोलंबो’ या अमेरिकन मालिकेचा पहिला भाग कोणता, हा प्रश्न चार चाहत्यांना विचारा, भांडण ठरलेलं. एक म्हणेल १९७१, दुसरा म्हणेल १९६८, आणि कोपऱ्यात बसलेला, जरा जास्तच वाचलेला तिसरा म्हणेल १९६०. गंमत अशी, की तिघांकडेही पुरावा आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा कोलंबो म्हणजे श्रीलंकेतलं शहर नव्हे. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्यातला हा एक लेफ्टनंट. अंगात चुरगळलेला रेनकोट, हातात अर्धवट सिगार, तोंडात सतत बायकोचं कौतुक. समोरचा खुनी श्रीमंत, शिकलेला, स्वतःवर भलताच खूश. कोलंबो त्याला चार बावळट प्रश्न विचारतो, आभार मानतो, दाराकडे जातो, खुनी सुटकेचा श्वास टाकतो आणि हा दारातून परत वळतो: ‘हां, फक्त एक राहिलं.’ तिथून खुन्याची झोप उडते.

आता पायलट म्हणजे काय ते आधी बघू, कारण सगळा घोळ त्या शब्दात आहे. धान्याच्या बाजारात व्यापारी अख्खं पोतं उलटं करून दाखवत नाही. मूठभर वानगी पुढे करतो. घेणारा ती हातावर चोळतो, दोन दाणे चावतो आणि भाव बोलतो. अमेरिकन टीव्हीतला पायलट म्हणजे ही वानगी. तिथे मालिका बनवणारा स्टुडिओ वेगळा आणि ती दाखवणारं नेटवर्क वेगळं. स्टुडिओ एक भाग पुरा चित्रित करून नेटवर्कसमोर ठेवतो. पसंत पडला तर पुढच्या भागांची ऑर्डर मिळते, नाही तर तो भाग कपाटात जातो. कितीतरी पायलट असे कपाटातच राहिले.

कोलंबोची अडचण अशी, की त्याची पहिली मूठ वानगी म्हणून काढलेलीच नव्हती.

गोष्ट सुरू होते दोन शाळकरी मित्रांपासून. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक हे फिलाडेल्फियाचे. शाळेत गट्टी जमली ती रहस्यकथा आणि जादूच्या प्रयोगांच्या वेडातून, आणि तेव्हापासून दोघं मिळूनच लिहायला लागले. त्यांची एक कथा १९६० मध्ये हिचकॉकच्या नावाने निघणाऱ्या रहस्यकथा मासिकात छापून आली. नवरा बायकोचा खून करतो आणि प्रेयसीला बायकोचा वेश देऊन, ती अजून जिवंत आहे असं लोकांना भासवतो, एवढा तिचा गाभा. त्या कथेत कोलंबो नव्हता.

तो आला संपामुळे. त्याच वर्षी हॉलिवूडच्या लेखकांचा मोठा संप झाला. चित्रपटांचं आणि फिल्मवर चित्रित होणाऱ्या मालिकांचं लिखाण थांबलं, पण टीव्हीवर थेट सादर होणाऱ्या नाटकांचा करार वेगळा असल्याने तिथे लिहायला मुभा होती. दोघांनी आपली छापील कथा काढली आणि तिचं तासाभराचं टीव्ही-नाटक केलं. तासभर भरायचा तर खुन्याला बोलायला कुणीतरी हवं, म्हणून एक पोलीस अधिकारी घातला. ३१ जुलै १९६० ला एनबीसी या नेटवर्कवर ते दाखवलं गेलं. लेफ्टनंट कोलंबो झाला होता बर्ट फ्रीड, अंगाने भरदार, नेहमीच्या साच्यातला पोलीस. तिसरा चाहता बोट ठेवतो ते इथे. पात्राचं नाव कोलंबो, हुद्दा तोच, गुन्हा तोच. पण यात तुमचा-माझा कोलंबो शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

मग दोघांनी त्याच गोष्टीचं रंगभूमीसाठी नाटक केलं, ‘प्रिस्क्रिप्शन: मर्डर’. जानेवारी १९६२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या करन थिएटरमध्ये पडदा उघडला. खुनी मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत जोसेफ कॉटन हा बडा नट, सोबत अ‍ॅग्नेस मूरहेड. कोलंबो म्हणून थॉमस मिचेल, सत्तरीला टेकलेला, ऑस्कर मिळालेला जुनाजाणता चरित्र अभिनेता. लेखकांच्या लेखी नाटक डॉक्टरचं होतं, पोलीस दुय्यम. दौऱ्यात मात्र गावोगावी वेगळंच दिसायला लागलं. नाटक संपल्यावर नट अभिवादनाला पुढे येत, तेव्हा नायकापेक्षा त्या म्हाताऱ्या पोलिसावर लोक जास्त खूश असायचे. नाटक ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या मानाच्या रंगभूमीवर, पोचलं नाही. डिसेंबर १९६२ मध्ये मिचेल वारला. ही त्याची शेवटची भूमिका ठरली.

आपल्या नाटकवाल्यांना हे नवं नाही. चार वाक्यांचा नोकर आख्खा अंक खाऊन जातो आणि नाटककार विंगेत डोकं खाजवत उभा राहतो. लेव्हिन्सन आणि लिंक यांचं शहाणपण एवढंच, की त्यांनी प्रेक्षकांशी भांडण केलं नाही.

ते गाजलेलं ‘फक्त एक राहिलं’ याच नाटकाच्या लिखाणात जन्मलं, आणि त्याची हकिगत लिंकने मुलाखतींमध्ये सांगितलेली आहे. एक प्रवेश लिहून झाला. कोलंबो निघून गेला. मग लक्षात आलं, प्रवेश तोकडा पडतोय, कोलंबोने अजून काहीतरी विचारायला हवं होतं. आज आपण कर्सर मधे नेऊन दोन ओळी घुसवू. त्या काळी टाइपरायटर. मधे ओळी घालायच्या म्हणजे आख्खं पान पुन्हा टंकायचं. दोघांनाही कंटाळा आला. मग त्यांनी सरळ कोलंबोला दारातून परत आणलं आणि त्याच्या तोंडी घातलं, की अजून एक विचारायचं राहिलंच. टंकायचा आळस वाचला, आणि जगभर नकला होतील अशी लकब पात्राला मिळाली.

आता १९६८. युनिव्हर्सल स्टुडिओ आणि एनबीसी यांनी तेव्हा नुकतीच एक नवी चाल सुरू केली होती: खास टीव्हीसाठीच पूर्ण लांबीचे चित्रपट बनवायचे. थिएटरात न जाता थेट घरी. या चित्रपटांना गोष्टी हव्या होत्या आणि लेव्हिन्सन-लिंककडे दौऱ्यावर घासूनपुसून लख्ख झालेलं नाटक तयार होतं. दिग्दर्शक रिचर्ड आयर्व्हिंग. हा एक स्वतंत्र चित्रपट. याची मालिका होईल असं कुणाच्या मनात नव्हतं.

कोलंबो कोण? लेखकांच्या डोळ्यांसमोर मिचेलसारखा पिकला माणूस होता. पहिली पसंती ली जे. कॉब. त्याच्या तारखा जमेनात. मग विचारलं बिंग क्रॉस्बीला, हो, तोच गायक! त्याने नकार दिला. निवांत आयुष्य आणि गोल्फ सोडून पुन्हा रोजच्या धबडग्यात पडायची त्याची इच्छा नव्हती, असं सांगतात. क्रॉस्बीचा कोलंबो कसा झाला असता याचा मी पुष्कळदा विचार केला आहे; दरवेळी डोळ्यांसमोर येतो तो इस्त्रीचा कोट आणि तोंडात पाइप असलेला माणूस, आणि पुढचं काही सुचत नाही.

दरम्यान संहिता पीटर फॉकच्या हाती पडली. त्याने स्वतः फोन करून सांगितलं, की हा पोलीस मला द्या, त्यासाठी मी खूनही करीन. तो चाळिशीचा. लेखकांना कोवळा वाटला. पण दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

या माणसाबद्दल दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तीन वर्षांचा असताना गाठीमुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला. उरलेलं आयुष्य काचेच्या डोळ्यावर. शाळेत बेसबॉल खेळताना पंचाने त्याला बाद दिलं, तर याने काचेचा डोळा काढून पंचाच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, तुम्हाला याची जास्त गरज दिसते. पुढे कोलंबिया पिक्चर्सच्या हॅरी कोनने त्याला नाकारताना तोंडावर सांगितलं, की एवढ्याच पैशांत मला दोन डोळ्यांचा नट मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे नट होण्याआधी हा सरकारी नोकर होता. सार्वजनिक प्रशासनात पदव्युत्तर पदवी घेऊन कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात कामाची कार्यक्षमता तपासायचं काम करायचा. दुसऱ्याच्या टेबलाशी जाऊन नम्रपणे खोचक प्रश्न विचारायची सवय तिथलीच असावी, असा माझा आपला अंदाज.

रेनकोट त्याचा स्वतःचा. न्यूयॉर्कच्या सत्तावन्नाव्या रस्त्यावरून जाताना पावसाने गाठलं, समोरच्या दुकानात शिरून पंधरा डॉलरला घेतला, असं तोच सांगायचा. लॉस एंजेलिसमध्ये पाऊस तो किती! पण कोरड्या उन्हातही हा माणूस रेनकोट घालून फिरतो आणि त्याचं काही चुकतंय असं त्याला स्वतःला वाटत नाही, यातच पात्र अर्धं उभं राहिलं.

खुनी डॉक्टर फ्लेमिंग झाला जीन बॅरी. त्या वेळच्या अमेरिकन प्रेक्षकाला यातली मेख लगेच कळली असणार. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत हा बॅरी टीव्हीवर एक करोडपती पोलीस अधिकारी साकारत होता, जो गुन्ह्याच्या जागी रोल्स-रॉइसमधून उतरायचा. टीव्हीवरचा सगळ्यात रुबाबदार पोलीस आता खुन्याच्या खुर्चीत, आणि त्याच्यासमोर पेन्सिल शोधत खिसे चाचपणारा हा गबाळा.

२० फेब्रुवारी १९६८ ला चित्रपट दाखवला गेला. आज तो बघताना पहिला धक्का बसतो तो कोलंबोच्या अवताराचा. केस नीट विंचरलेले, कपडे बऱ्यापैकी व्यवस्थित, आवाज चढा. एका प्रसंगात तर डॉक्टरच्या प्रेयसीवर तो असा डाफरतो, की पुढच्या मालिकेतला मवाळ कोलंबो बघून आलेला माणूस दचकतो. दुसरा धक्का म्हणजे हा गृहस्थ उगवतोच मुळी अर्धा तास उलटल्यावर. तोवर आपण फक्त खून बघत असतो.

आणि हीच या प्रकारची खरी खुबी. सर्वसाधारण रहस्यकथेत प्रश्न असतो, खून कुणी केला? आपल्याकडे ‘सीआयडी’मध्ये शिवाजी साटमांनी वर्षानुवर्षं बोटं फिरवत शोधला तो हाच प्रश्न. कोलंबोत खुनी कोण हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. त्याचा बेत, त्याचा बनाव, सगळं आपल्यासमोर घडतं. प्रश्न उरतो तो एवढाच, की हा इतका हुशार माणूस सापडणार कसा? अशी उलटी रहस्यकथा पहिल्यांदा पद्धतशीर लिहिली ती इंग्लंडच्या ऑस्टिन फ्रीमनने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. लेव्हिन्सन-लिंकनी तिच्यात दोस्तोयव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधला तो चिवट तपास अधिकारी मिसळला, जो पुराव्यापेक्षा गप्पांनीच माणसाला पोखरतो. हे ऋण दोघांनी उघडपणे मान्य केलेलं आहे.

या रचनेत लेखकाचं काम सोपं होत नाही, उलट वाढतं. खुनी लपवायचा नसल्याने प्रेक्षकाचं लक्ष सगळं बारकाव्यांवर असतं. १९६८ च्या चित्रपटात डॉक्टर परगावाहून घरी परततो, दार उघडून आत येतो आणि बायकोला हाक मारत नाही. आतून कोलंबो बाहेर येतो. नंतर तो सहज म्हणाल्यासारखं म्हणतो, की घरी आलेला नवरा आधी बायकोला हाक मारतो, नाही का? ती घरात जिवंत नाही हे ज्याला ठाऊक आहे तोच गप्प आत शिरेल. प्रसंग घडला तेव्हा आपणही तो बघत होतो, आणि आपल्याही लक्षात आलं नव्हतं. मालिकेचं सगळं गणित या एका जागेत आहे.

याच चित्रपटात दोघं पेला घेऊन समोरासमोर बसतात, तो प्रसंग मला सगळ्यात आवडतो. डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे तो कोलंबोचंच निदान करून दाखवतो: तू साधा दिसतोस, बावळट वागतोस, लोक तुला कमी लेखतात आणि तुला तेच हवं असतं. पुढे तीस-पस्तीस वर्षं जे पात्र चाललं, त्याची गुरुकिल्ली लेखकांनी पहिल्याच चित्रपटात खुन्याच्या तोंडून सांगून टाकली. शेवटी डॉक्टर अडकतो तोही स्वतःच्याच युक्तीत. त्याने एका बाईला दुसरीचा वेश देऊन जगाला फसवलं. कोलंबो एका बाईला त्याच्या प्रेयसीच्या जागी पोहण्याच्या तलावातून ‘मृत’ म्हणून बाहेर काढायला लावतो, आणि ती मेली समजून डॉक्टर मनातलं बोलून जातो. प्रेयसी मागे उभी राहून ऐकत असते.

चित्रपट जोरात चालला. नेटवर्कला मालिका हवीशी झाली आणि घोडं अडलं फॉकपाशी. तो आधी एका वकिली मालिकेत आठवड्याच्या चरकातून निघालेला होता. तीही एका सीझनमध्ये बंद पडली. दर आठवड्याला एक भाग म्हणजे वर्षाला वीस-पंचवीस भाग, रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत सेटवर. त्याला ते नको होतं. तीन वर्षं गेली.

तोडगा निघाला तो चक्राचा. एकच वेळ, तिच्यात तीन वेगवेगळ्या मालिका आळीपाळीने दाखवायच्या: एका आठवड्यात कोलंबो, पुढच्या आठवड्यात ‘मॅक्लाउड’, त्याच्या पुढे ‘मॅकमिलन अँड वाइफ’. पाळी तीन आठवड्यांनी येणार. भाग दीड तासाचा, पण वर्षाला मोजकेच. पहिल्या सीझनला कोलंबोचे फक्त सात भाग झाले. नटाला उसंत मिळाली आणि लेखकांना प्रत्येक खून नीट विणायला वेळ. मालिकेचा दर्जा टिकला त्याचं श्रेय मी तरी रेनकोटापेक्षा या वेळापत्रकाला देईन.

पण त्याआधी नेटवर्कने रीतसर वानगी मागितली. एक चित्रपट चालला, ठीक. हा पोलीस पुन्हा पुन्हा चालेल का? म्हणून १ मार्च १९७१ ला आला ‘रॅन्सम फॉर अ डेड मॅन’. कागदोपत्री खराखुरा पायलट हा. खुनी आहे ली ग्रँटने साकारलेली वकीलबाई, जी नवऱ्याला मारून अपहरणाचा बनाव रचते. आणि शब्दाचा खेळ बघा, ही बाई स्वतः विमान चालवते! खंडणीची बॅग ती विमानातूनच टाकते, आणि एकदा कोलंबोला शेजारी बसवून असं उडवते, की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पायलटमधला खुनी पायलट. इथला कोलंबो १९६८ च्या कोलंबोपेक्षा मऊ, विस्कटलेला, जास्त बडबड्या. फॉकला मधल्या तीन वर्षांत पात्र सापडलेलं दिसतं.

तर १९६८ हा न ठरवता झालेला पायलट आणि १९७१ चा ठरवून केलेला. दोन्ही धरून मालिकेचे एकूण ६९ भाग मोजतात. मधल्या मोठ्या खंडासह ही मोजणी २००३ पर्यंत जाते.

पडद्यामागच्या अशा माहितीबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. कोलंबोचं पहिलं नाव काय? कुठेकुठे ‘फिलिप’ असं छापलेलं सापडतं. ते साफ खोटं. फ्रेड वर्थ नावाच्या एका माणसाने सटरफटर माहितीचा कोश केला होता आणि कुणी तो चोरला तर पकडता यावा म्हणून त्यात मुद्दाम हे बनावट नाव पेरलं होतं. ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ या खेळाच्या प्रश्नांत ‘फिलिप’ उगवला आणि वर्थने ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. सापळा कोलंबोला शोभेसा, पण कोर्टात टिकला नाही. माहितीवर कुणाची मालकी नसते, म्हणून दावा फेटाळला गेला. पहिल्या सीझनमध्ये ओळखपत्र क्षणभर दिसतं, त्यावर ‘फ्रँक’ आहे. लेखकांचं म्हणणं मात्र कायम हेच होतं, की आम्ही त्याला पहिलं नाव दिलेलंच नाही.

राहता राहिला पहिला चाहता. नियमित मालिका सुरू झाली १५ सप्टेंबर १९७१ ला, ‘मर्डर बाय द बुक’ या भागाने. लिहिला स्टीव्हन बॉच्कोने आणि दिग्दर्शक होता चोवीस वर्षांचा एक पोरगा, स्टीव्हन स्पीलबर्ग. ‘जॉज’ हा त्याचा गाजलेला चित्रपट अजून चार वर्षं दूर होता. या भागाची गोष्ट काय असावी? रहस्यकथा लिहिणारी दोन मित्रांची जोडी. एक राबून लिहितो, दुसरा नुसता मिरवतो. लिहिणारा वेगळा व्हायचं म्हणतो आणि मिरवणारा त्याला ठार करतो. निर्मात्यांच्या खुर्चीत तेव्हा लेव्हिन्सन आणि लिंक शेजारी शेजारी बसलेले होते, आणि त्यांची जोडी १९८७ मध्ये लेव्हिन्सन जाईपर्यंत फुटली नाही. भाग सुरू होतो तेव्हा पडद्यावर मोटार रस्त्याने येत असते, आत खुनी बसलेला, आणि इंजिनाचा आवाज नाही, संगीत नाही. ऐकू येते ती फक्त टाइपरायटरची टकटक.